पोलिसी खाक्या (नाशिक)

पोलिसी खाक्या म्हणजे पोलिसांची वागण्याची ती रीत, जी कायद्याच्या पुस्तकात कुठे लिहिलेली नसते पण सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या वाक्यापासून एकेरी, मग दरडावणी, मग हात. कोठडीतला पट्टा, रस्त्यावरची लाठी आणि कधी भर वस्तीतून काढलेली धिंड. शब्द तक्रारीचा आहे तेवढाच कौतुकाचाही. ‘पोलिसांनी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला’ असे बातमीत छापून येते आणि ते वाचून कोणी दचकत नाही. खाकी वर्दीवरून हा शब्द निघाला असावा असे सहज वाटते. पण मराठीत खाक्या म्हणजे ढब, रीत, आणि त्याचे नाते आराखडा या अर्थाच्या फारसी ‘खाका’शी सांगितले जाते. वर्दी नसलेल्यांचाही खाक्या असतो; सासूचा असतो, हेडमास्तरांचा असतो. पोलिसांच्या खाक्याला दंडुक्याची जोड असते, म्हणून त्याविषयी प्रश्न विचारले जातात.

नाशिकमध्ये विचारले जाणारे हे प्रश्न नीट ऐकले तर एक गोष्ट लक्षात येते. ‘पोलिसांनी मारले का?’ असे सहसा कोणी विचारत नाही. ‘याला का मारले?’ किंवा ‘त्याला अजून का नाही मारले?’ असे विचारतात. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचा बंदोबस्त, यावर कोणाचे दुमत नाही. मात्र सज्जन कोण आणि दुर्जन कोण हे अटकेच्या वेळीच ठरलेले आहे, असे लोक धरून चालतात. कायद्याने ते ठरवण्याचे काम न्यायालयाला दिले आहे.

हे ब्रीद अंगावर घेऊन बाहेर पडणारे फौजदार नाशिकमध्येच घडतात. १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झालेली पोलीस प्रशिक्षण शाळा १९०९ मध्ये नाशिकला आली. त्र्यंबक रस्त्यावरची आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. राज्यातला थेट भरती झालेला पोलीस उपनिरीक्षक इथे कवायत, नेमबाजी आणि कायदा शिकतो आणि दीक्षांत संचलनात शपथ घेतो. मानवी हक्क हा त्याच्या अभ्यासाचा भाग असतो. पुढे ठाण्यात गेल्यावर जुना हवालदार त्याला दुसरा अभ्यासक्रम शिकवतो, असे निवृत्त पोलीसही गमतीने सांगतात. ती सगळीच गंमत नसते.

बालेकिल्ला

२०२५ च्या ऑक्टोबरात नाशिक शहर पोलिसांनी गुंडांविरुद्ध, विशेषतः राजकीय आश्रय असलेल्या टोळक्यांविरुद्ध मोहीम उघडली. त्याआधी शहरात खून, गोळीबार आणि कोयते नाचवणाऱ्या रील्स यांमुळे लोक वैतागले होते. पकडलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर हात जोडून उभे करायचे आणि त्याच्याकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असे वदवून घ्यायचे, असे या मोहिमेचे रूप ठरले. घोषणा राज्यभर पसरली. लहान मुले खेळताना ती म्हणू लागली, दुकानदारांनी पोलिसांचे सत्कार केले. ज्यांनी दहशतीच्या रील्स बनवल्या होत्या त्यांची माफीची रील बनली, हा काव्यगत न्याय लोकांना भावला. चित्रफितीत दिसत होती ती फक्त माफी. त्याआधी काय घडले असेल ते प्रत्येकाने आपल्या मनाने भरले आणि बहुतेकांनी ‘प्रसाद’ भरला.

लोकांचा आनंद खोटा नव्हता. नगरसेवकाच्या किंवा ‘भाई’च्या नावाने वसुली होते, तक्रार द्यायला गेले तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्हा नोंदवून घरी पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस दारात उभा राहतो, हा अनुभव घेतलेल्या माणसाला आरोपींच्या हक्कांचे व्याख्यान रुचत नाही. पण याच अनुभवातून दोन अवघड प्रश्न निघतात, आणि ते त्या वेळी वकिलांच्या वर्तुळाबाहेर फारसे विचारले गेले नाहीत. गुन्हा सिद्ध होण्याआधी कॅमेऱ्यासमोर माफी मागायला लावणे ही शिक्षा असेल, तर ती कोणत्या कलमाखाली दिली? आणि वर्षानुवर्षे माहीत असलेली माणसे एका महिन्यात पकडता येत होती, तर आधी त्यांना कोणी मोकळे ठेवले होते? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त टोचणारा आहे.

अटकेविषयी कायदा तसा स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४६ सांगते की आरोपी पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त बंधन त्याच्यावर घालायचे नाही. १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बेड्या घालणे घटनाबाह्य ठरवले होते. नव्या संहितेच्या कलम ४३ ने सराईत आणि ठरावीक गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींना बेड्या घालण्याची मुभा दिली. धिंड मात्र जुन्या कायद्यात नव्हती आणि नव्यातही नाही. पोलीस तिला ‘घटनास्थळ पंचनाम्यासाठी नेले’ असे म्हणतात. घटनास्थळ गाडीने पाच मिनिटांवर असते आणि आरोपीला चालवत नेतात, एवढाच काय तो फरक.

‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’

पोलिसांच्या वर्तनाविषयीचा सर्वात जुना आणि सर्वात नियमित प्रश्न मोर्चात किंवा परिषदेत विचारला जात नाही. तो रोज दुपारी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर विचारला जातो. अटक झाल्यापासून २४ तासांत आरोपीला हजर करावे लागते. पोलीस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मागतात आणि न्यायाधीश आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ उत्तर बहुधा ‘नाही’ असते आणि तसेच कागदावर येते.

या ‘नाही’ची किंमत समजून घ्यायला आरोपी कुठे उभा आहे ते पाहावे. त्याच्या दंडाला धरून उभा असलेला अंमलदारच त्याला संध्याकाळी परत कोठडीत नेणार असतो. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मिळे. नव्या संहितेत तेच १५ दिवस ४० किंवा ६० दिवसांच्या मुदतीत तुकड्या-तुकड्यांनी घेता येतात. म्हणजे न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूसही परत ठाण्यात येऊ शकतो. अशा वेळी तक्रार करायला धैर्य लागते, किंवा हाताशी चांगला वकील.

यावर उपाय म्हणून १९९६ च्या डी. के. बसू निकालाने ११ सूचना दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हावा, नातेवाइकांना कळवावे, कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. नाशिक शहरात ही तपासणी म्हणजे ‘सिव्हिलला मेडिकल’. जिल्हा रुग्णालयाच्या गर्दीत एक पोलीस, एक आरोपी आणि घाईतला डॉक्टर उभे असतात. सोबतचा पोलीस चार पावले मागे सरकला नाही तर ‘जुनी जखम’ आणि ‘ताजी जखम’ यांतला फरक कागदावर उतरत नाही. मारहाणीच्या खटल्यात पुढे जो काही पुरावा उरतो, तो बहुतेक वेळा या एका कागदावरच असतो.

मार देण्यामागचे जुने कारण म्हणजे कबुली. म्हणूनच पोलिसांसमोर दिलेली कबुली भारतात पुरावा मानली जात नाही. ब्रिटिशांनीच तसा नियम केला आणि तो आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम २३ म्हणून टिकून आहे. मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा त्याला अपवाद. या कायद्याखाली अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. त्याचा अनुभव नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावाने घेतला. ८ सप्टेंबर २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांवर मोक्का लावला. कबुल्या झाल्या, नंतर आरोपींनी त्या छळाने घेतल्याचे सांगून मागे घेतल्या. तपास सीबीआयकडून एनआयएकडे गेला आणि रोख दुसऱ्याच गटाकडे वळला. २०११ च्या नोव्हेंबरात जामीन मिळाला आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्याच गावातल्या २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात हिंदू आरोपी पकडले गेले. त्यांच्यापैकी काहींनी त्याच पथकावर छळाचे आरोप केले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही जण पुराव्याअभावी सुटले. सुटका झाली म्हणून छळ सिद्ध होत नाही; दोन्ही गोष्टींचा पुरावा वेगळा लागतो. पण पहिल्या तक्रारीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी दुसरी हसण्यावारी नेली आणि दुसरीने हळहळलेल्यांना पहिली नाटक वाटली होती. स्फोटांत आप्त गमावलेल्या मालेगावकरांच्या हाती दोन्हीकडून काही लागले नाही.

सौम्य लाठीमार

मराठी वर्तमानपत्रांत लाठीमार नेहमी ‘सौम्य’ असतो. हे विशेषण पोलिसांच्या निवेदनातून येते, ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याच्याकडून नाही. जमाव पांगवण्याचा क्रम ठरलेला आहे: ध्वनिक्षेपकावरून इशारा, मग पाण्याचा मारा किंवा अश्रुधूर, मग कमरेखाली लाठी, आणि दुसरा उपायच उरला नाही तर गोळीबार. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी किंवा त्याच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकतो. शहरात पोलीस आयुक्तांकडेच दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, तर ग्रामीण हद्दीत जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार असतात. म्हणजे निफाडला किंवा येवल्याला लाठी उगारण्याआधी महसूल खात्याचा माणूस मध्ये असण्याची शक्यता असते, सिडकोत किंवा भद्रकालीत ती कमी.

पोलीस दारात उभे करण्याचा इतिहास नाशिकला नवा नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद होते आणि बाहेर पोलिसांचा पहारा होता. शांतता कोणाच्या सोयीची, हा प्रश्न पंचवटीत तेव्हापासून आहे.

अलीकडच्या घटनांत २००१ चा मालेगावचा गोळीबार सर्वात जड. ऑक्टोबरात शुक्रवारच्या नमाजानंतर पत्रके वाटण्यावरून वाद झाला, दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली. २०१६ च्या ऑक्टोबरात त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका बालिकेवरील अत्याचाराच्या घटनेनंतर जिल्हाभर रास्ता रोको, दगडफेक आणि जाळपोळ झाली. इंटरनेट बंद ठेवण्याचा उपाय नाशिकने तेव्हा पाहिला. २०२५ च्या एप्रिलमध्ये काठे गल्लीतल्या दर्ग्याच्या पाडकामाआधी रात्री दगडफेक होऊन वीसहून अधिक पोलीस जखमी झाले आणि पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर वापरला. दगड खाणाऱ्या शिपायाचे हेल्मेट आणि ढाल किती जुनी आहे, हाही बळाच्या वापराचाच प्रश्न आहे. ज्याच्याकडे साधन नसते तो लवकर घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाची लाठी कमरेखाली राहत नाही.

उलट उदाहरणेही इथलीच. ६ मार्च २०१८ रोजी सीबीएस चौकातून हजारो शेतकरी, बहुतेक आदिवासी, पायी मुंबईला निघाले आणि सहा दिवस चालले. लाठी उगारावी लागली नाही. त्याच वर्षी १ जुलैला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठार केले. त्याच दिवशी मालेगावात तशाच जमावाच्या तावडीतून पोलिसांनी पाच जणांना, त्यांतल्या लहान मुलासह, जिवंत बाहेर काढले. त्या रात्री पोलिसांवर दगड पडले, गाडी उलटवली गेली. अशी रात्र ‘खाक्या’ या शब्दात कधी मोजली जात नाही.

सिंहस्थात तर बळ लाठीपेक्षा बॅरिकेडमध्ये असते. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मेले; तेव्हा पोलीस कमी पडले म्हणून टीका झाली. २०१५ मध्ये त्याची भरपाई अशी झाली की २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला भाविकांना मैलोन् मैल चालावे लागले आणि घाटांवर अपेक्षेपेक्षा फारच कमी गर्दी दिसली. नाशिककर आपल्याच गल्लीत अडकले, व्यापारी चिडले, आणि पुढच्या पर्वण्यांना बंदोबस्त सैल करावा लागला.

तक्रार आणि कॅमेरा

प्रकाश सिंह खटल्यातल्या २२ सप्टेंबर २००६ च्या निकालानंतर प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमणे बंधनकारक झाले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभाग अशा दोन पातळ्यांची तरतूद केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी तिथे जातात. निष्कर्ष सरकारकडे जातो आणि कारणे नोंदवून तो नाकारण्याची वाट सरकारने स्वतःसाठी राखली आहे. कोठडीत मृत्यू झाला तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावे लागते आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत वेगळी चौकशी होते.

सामान्य माणूस या वाटेवर पाऊल टाकायला बिचकतो. कारण ‘३५३ लावतील’. सरकारी नोकरावर हल्ल्याचे हे जुने कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ झाले आहे, पण बोलण्यात आकडा जुनाच राहिला. ठाण्यात आवाज चढला, मोबाइल काढला, की हा आकडा ऐकवला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ च्या जुलैमध्ये स्पष्ट केले की पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यातले ‘निषिद्ध ठिकाण’ नाही; तिथे चित्रण केल्याबद्दल त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही.

पोलिसांचा स्वतःचा कॅमेराही आहे. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालानुसार ठाण्याचे दार, लॉकअप, व्हरांडा, ठाणे अंमलदाराचे टेबल, सगळीकडे आवाजासह सीसीटीव्ही हवा आणि चित्रण १८ महिने जपायला हवे. तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान एक वर्ष. मारहाणीची तक्रार करणाऱ्याने म्हणूनच पहिला अर्ज चित्रण जपून ठेवण्याचा करावा, असे वकील सांगतात. त्यात तारीख, वेळ आणि ठाण्यातली नेमकी खोली लिहावी. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.