मेंदूत नवी पेशी येते, की जुन्याच पेशी नवी वाट धरतात?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर आठवड्याला एक मेसेज फिरून येतो. ‘रोज शब्दकोडं सोडवा, डाव्या हाताने दात घासा, मेंदूत नव्या पेशी तयार होतात.’ खाली सूर्योदय आणि दोन कमळं. ठाण्यात बसून मेंदूवर लिहायचं म्हणजे आधी थोडी चेष्टा सोसावी लागते. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा इथल्या मनोरुग्णालयामुळे अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. तरी लिहिते, कारण त्या मेसेजात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे, आणि त्या खिचडीपायी आमच्या घरात चांगले दिवस वाया चालले होते.

आप्पा पोस्टमन होते. नौपाडा आणि विष्णूनगरच्या गल्ल्यांत तीस वर्षं टपाल वाटलेलं. गेल्या पावसाळ्यात स्ट्रोक आला आणि उजवा हात पडला. घरी आणलं तेव्हा कुणीतरी मायेने कॅप्सूलची बाटली आणून दिली: ‘मेंदूत नवीन पेशी बनतात हो ह्याने.’ आप्पांनी त्यावरून आपला सरळ हिशेब मांडला. जुन्या पेशी मेल्या, नव्या येणार, आल्या की हात हलणार. मग फिजिओथेरपीवाली मुलगी आली की म्हणायचे, ‘बाई, माणसं तर रुजू होऊ देत. रिकाम्या ऑफिसात हजेरी कसली घेतेस?’

हिशेब चुकीचा होता, पण खुळा नव्हता. मेंदूत नव्या चेतापेशी जन्माला येणं याला न्यूरोजेनेसिस म्हणतात. असलेल्या चेतापेशींमधल्या जोडण्या अनुभवाने घट्ट होणं, सैल पडणं, तुटणं, नव्याने जुळणं याला न्यूरोप्लास्टिसिटी. आप्पांच्या भाषेत सांगायचं तर पहिली म्हणजे खात्यात नवी भरती. दुसरी म्हणजे आहेत त्याच पोस्टमनांमध्ये बीटची, म्हणजे प्रत्येकाला नेमून दिलेल्या गल्ल्यांची, फेरवाटणी. पत्र दोन्ही प्रकारांनी पोचू शकतं. पण भरतीच बंद असलेल्या खात्यात भरतीची वाट बघत बसलं तर टपाल साचतं.

दुसऱ्या शब्दाचं मराठी बहुतेक ठिकाणी ‘लवचिकता’ असं केलेलं दिसतं. मला ते पटत नाही. लवचिक म्हणजे वेताची छडी: वाकवली, सोडली, परत सरळ. इथे नेमकं उलटं अभिप्रेत आहे. शाडूच्या मातीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहतो, तसं. मूळ ग्रीक शब्दातही ‘घडवणं’ हाच अर्थ आहे. प्लास्टिकची पिशवी फार नंतर आली. म्हणून पुढे मी घडणशीलता म्हणेन.

दोन्हींतला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो तान्ह्या बाळात. चेतापेशींची भरती जवळपास सगळी आईच्या पोटातच उरकते. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडायचा, ती गर्भ चार आठवड्यांचा होईतो मिटलेली असते. (फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतात ते यासाठी. कळेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.) पुढच्या महिन्यांत चेतापेशी झपाट्याने जन्मतात आणि आपापल्या जागी सरकत जातात. लहान मेंदूतलं काम जन्मानंतरही काही महिने चालतं. पण एकंदरीत, बारशाच्या पाळण्यातल्या बाळाकडे जन्मभराच्या बहुतेक चेतापेशी आलेल्या असतात. तरी त्याचा मेंदू भरतो ३५० ते ४०० ग्रॅम, आणि मोठ्या माणसाचा १३०० ते १४००. मधलं हजारभर ग्रॅम वजन कुठून येतं? पेशींना फांद्या फुटतात, तंतूंवर मायलिनचं वेष्टन चढतं, आधार देणाऱ्या ग्लिया पेशी वाढतात. दोन पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या जागा, म्हणजे सिनॅप्स, पहिल्या काही वर्षांत इतके दाट होतात की मोठेपणी तेवढे उरत नाहीत. मग छाटणी लागते. जे वापरात ते राहतात, बाकीचे जातात. कपाळामागच्या भागात ही छाटणी विशीतही चालू असते. म्हणजे मूल शिकतं तेव्हा त्याच्या मेंदूत बरंच काही कमीही होत असतं. ‘बाळाचा मेंदू वाढवा’ छापाच्या जाहिरातींत ही अर्धी बाजू कधी नसते.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतली त्याच्या वाट्याची बरीच जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावलेली. पेशी होत्या तिथेच होत्या, त्यांचा मालक बदलला होता. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा वाटा आहे. लहानपणची ही शिकायची वेळ एकदा टळली की दार कायमचं बंद, असं मग बरीच वर्षं मानलं गेलं. पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशने भारतातल्या जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा त्यांतली अनेक मुलं बारीक तपशिलात कमी पडूनही चेहरे आणि वस्तू ओळखायला शिकली. दार किलकिलं राहतं म्हणायचं.

खरा घोळ आहे तो प्रौढ मेंदूचा. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी शंभर वर्षांपूर्वी निकालच देऊन टाकला होता: मोठ्या माणसाच्या मेंदूत सगळं मरू शकतं, उगवत काही नाही. १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी दाखवल्या. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या आतल्या अंगाला असलेला, आठवणी आणि जागांचे नकाशे सांभाळणारा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८० च्या दशकात फर्नांडो नॉटेबोम यांनी कॅनरी पक्ष्यांच्या गाण्याच्या केंद्रात नव्या चेतापेशी दाखवल्या, तेव्हा ‘पक्ष्यांचं ठीक आहे’ म्हणून झालं. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन, फ्रेड गेज आणि सहकाऱ्यांना माणसात पुरावा मिळाला, तोही आडवाटेने. कॅन्सरच्या काही रुग्णांना विभागणाऱ्या पेशींवर खूण करणारं एक रसायन दिलेलं होतं. ते रुग्ण गेल्यावर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्याच खुणेच्या चेतापेशी सापडल्या. आमच्या ग्रुपवरच्या मेसेजचा पूर्वज हाच शोध.

पुढची पद्धत मला सगळ्यात आवडते. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या उघड्या चाचण्यांनी हवेत कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, जवळपास दुप्पट झाला. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो वर्षागणिक उतरत गेला. हवेतून पिकात, पिकातून आपल्या ताटात, ताटातून डीएनएमध्ये. पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षाचा शिक्का तिच्या डीएनएवर बसला, अगदी टपालाच्या शिक्क्यासारखा. स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने हे शिक्के वाचले आणि २०१३ मध्ये अंदाज दिला: एका हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला साधारण ७०० नव्या चेतापेशी. दोन्ही बाजू धरून वर्षाला पाच लाखांच्या आसपास. ऐकायला घसघशीत, पण एकूण चेतापेशी आहेत सुमारे ८६ अब्ज.

आणि हाही आकडा सर्वमान्य नाही. २०१८ मध्ये एका महिन्याच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. एक म्हणाला, माणसात ही भरती बालपणीच मंदावते आणि मोठेपणी काही सापडतच नाही. दुसरा म्हणाला, ७९ वर्षांपर्यंत चालू असते. भांडण बरंचसं पद्धतीचं आहे: मृत्यूनंतर ऊती किती तासांनी जतन केली, कोणती खूण ‘नवी पेशी’ म्हणून धरली, यावर उत्तर बदलतं. २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्याच गटाने काही प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये विभागणाऱ्या पूर्वज पेशी दाखवल्या, पण त्याही माणसागणिक कमी-जास्त.

वाद आहे तो या एवढ्याशा पट्टीपुरता. हात हलवायचा हुकूम जिथून निघतो त्या वरच्या थराचे शिक्के याच पद्धतीने वाचले, तर तिथल्या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या निघाल्या. स्ट्रोक होऊन गेलेल्यांचा तो भागही २०१४ मध्ये तपासला गेला. मेलेल्यांच्या जागी नव्या चेतापेशी आल्याची चिन्हं नव्हती. हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे माझ्या जागेवर बदली मिळणार नाही.’

‘नाही आप्पा. पण शेजारच्या बीटवाल्यांना तुमच्या गल्ल्या शिकवता येतात.’

ते कसं, याची एक पायरी १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत दाखवली. एका वाटेवरून झपाझप निरोप पाठवले की त्यानंतर तीच वाट तास-तासभर जास्त जोरात उत्तर देत राहते. घेणाऱ्या पेशीवर निरोप पकडणारे रेणू वाढतात. पुढे सिनॅप्सचा आकारही बदलतो. स्ट्रोकनंतर मेलेल्या भागाच्या कडेच्या आणि क्वचित दुसऱ्या बाजूच्या पेशी अशाच नव्या वाटा पक्क्या करतात. पहिल्या तीन महिन्यांत त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो, पण त्या आपोआप पक्क्या होत नाहीत. त्याच हाताने तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. बाटलीच्या भरवशावर जाणारे दिवस नेमके या तीन महिन्यांतले होते. माझा राग होता तो त्यावर.

घडणशीलतेची एक वाईट खोड इथेच कळली. आप्पा जेवण, चहा, रिमोट सगळं डाव्या हाताने करू लागले, आणि घरच्यांना ती प्रगती वाटली. पण मेंदू त्यातूनही शिकतच असतो: उजवा हात उगाचच आहे, हे शिकतो. एडवर्ड टॉब यांनी यावरून चांगला हात बांधून ठेवून लुळ्या हाताकडून काम करवून घ्यायची उपचारपद्धत बसवली. हातात थोडीफार हालचाल शिल्लक असेल तरच ती देतात. आमच्याकडे रोज ठरावीक वेळ डाव्या हातात स्वयंपाकघरातला जाड हातमोजा चढायचा. शिव्या खूप खाल्ल्या. तुटलेल्या अवयवाच्या जागी दुखत राहणं, वर्षानुवर्षं रियाज केलेल्या वादकाची बोटं अचानक एकमेकांत अडकायला लागणं, हीसुद्धा घडणशीलताच. माती अंगठा कुणाचा ते विचारत नाही.

खिचडीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लंडनचे टॅक्सीवाले. तिथे परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. २००० मध्ये एलिनॉर मग्वायर यांच्या गटाने १६ चालकांचे एमआरआय काढले. हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. लगेच ‘टॅक्सीवाल्यांच्या मेंदूत नव्या पेशी’ असे मथळे झाले, मराठीतही मी वाचले आहेत. पण एमआरआयला सुटी पेशी दिसतच नाही, दिसतं ते आकारमान. ते फांद्यांनी वाढलं, सिनॅप्सनी, ग्लियांनी की रक्तवाहिन्यांनी, हे चित्रावरून सांगता येत नाही. शिवाय पुढचा भाग इतरांपेक्षा लहान होता, हे मथळ्यांत नव्हतं. आप्पांना ही गोष्ट फार आवडली. तीन हात नाक्यापासून तलावपाळीपर्यंतचा पत्ता अजूनही ते पाडलेल्या वाड्यांच्या नावांनी सांगतात. त्यांनी विचारलं, ‘आणि बसवाल्यांचं काय? टीएमटीवाला रोज तोच रूट मारतो.’ नेमकी हीच तुलना २००६ मध्ये झाली आहे. ठरलेल्या मार्गावरच्या बसचालकांत तो फरक नव्हता. आप्पांनी खात्याच्या वतीने समाधान व्यक्त केलं.

दोन्ही गोष्टी एकमेकींना अगदीच परक्या आहेत असंही नाही. उंदरात हिप्पोकॅम्पसमधली नवी पेशी पहिले काही आठवडे जुन्यांपेक्षा जास्त घडणशील असते. कोवळी असते म्हणून लवकर वळते. चाकावर पळणाऱ्या उंदरांत अशा जास्त पेशी जगतात, हे १९९९ मध्ये दिसलं आणि ‘चाला, नव्या पेशी येतील’ तिथून निघालं. तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांनी खुशाल माराव्यात. रक्तदाबासाठी आणि पुढचा स्ट्रोक टाळण्यासाठी चालणं हवंच. पण २०१४ मध्ये उंदरांवरच असंही दिसलं की नव्या पेशींची आवक वाढवली तर जुन्या आठवणी पुसल्या जातात. जास्त भरती म्हणजे जास्त चांगलं, असा सरळ हिशेब तिथेही नाही.

कॅप्सूल थांबवल्या, डॉक्टरांना विचारूनच. बाटली अजून आहे. फिजिओवाल्या मुलीने ती कामाला लावली: उजव्या हाताने झाकण उघडायचं आणि लावायचं, सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस. आप्पांना लोणच्याच्या बरणीचं झाकण आता जमतं. या बाटलीचं लहान मुलांनी उघडू नये म्हणून दाबून फिरवायचं आहे, ते अजून फिरत नाही.