इस्कंदर शाह, सिंगापुराचा

(कारकीर्द सु. १३८९–९८). सिंगापूर बेटावरील सिंगापुरा या मध्ययुगीन मलय राज्याचा परंपरेनुसार पाचवा व अखेरचा राजा. बेटाचे जुने नाव तुमासिक. १३६५ च्या *नागरकृतागम* या जावानी काव्यात ते मजपहित या जावातील साम्राज्याच्या अंकित प्रदेशांत मोडते. कारकीर्दीचा वरील काळ अभ्यासकांनी मागाहून ठरवला असून तो ढोबळच मानावा.

राजाची ओळख हाच खरा वादाचा मुद्दा. *सेजारा मलायू* या मलय राजवंशगाथेप्रमाणे इस्कंदर शाह हा सिंगापुराचा संस्थापक श्री त्रिभुवन याचा वंशज होता. त्याने एका उपपत्नीला भर बाजारात देहदंड दिला. तिचा पिता, राज्याचा अधिकारी संग राजुन तप, याने सूडापोटी मजपहितच्या सैन्याला कोटाचे दार उघडले. राजा निसटला व पुढे त्याने मलय द्वीपकल्पावरील मलाक्का हे बंदर वसवले. पोर्तुगीज लेखक तोमे पिरेश (सु. १५१२–१५) मात्र वेगळेच सांगतो. त्याच्या मते सुमात्रातील पालेंबांगहून परागंदा झालेल्या परमेश्वर नावाच्या राजपुत्राने तुमासिकच्या सयाम-अंकित अधिपतीला ठार करून सत्ता बळकावली. सुमारे पाच वर्षांनी त्याला बेट सोडावे लागले. गाथा मलाक्काच्या वारसांच्या दरबारी परंपरेतील आहे. घराण्याच्या मूळपुरुषाच्या माथी खुनाचा डाग येऊ न देणे तिला सोयीचे होते. त्यामुळे पिरेशचा वृत्तांत, तोही ऐकीव असला तरी, अधिक ग्राह्य वाटतो.

चीनच्या मिंग राजवटीच्या दप्तरांत मलाक्काचा राजा म्हणून परमेश्वराचे नाव येते. १४११ मध्ये तो स्वतः चिनी दरबारी गेला. १४१४ मध्ये मेगत इस्कंदर शाहने तेथे जाऊन पित्याच्या निधनाची वार्ता दिली. परमेश्वरानेच इस्लाम स्वीकारून इस्कंदर हे नाव घेतले, असे पूर्वी मानत. इतिहासकार वांग गुंगवू यांनी या नोंदींच्या आधारे पितापुत्र वेगळे मानले व हेच मत सयुक्तिक दिसते. गाथेतील इस्कंदर शाह ही बहुधा या दोघांची सरमिसळ असावी.

राज्यकारभाराची माहिती त्रोटक आहे. १९८४ पासून पुरातत्त्वज्ञ जॉन मिक्सिक यांच्या पुढाकाराने फोर्ट कॅनिंग टेकडीवर झालेल्या उत्खननांत चौदाव्या शतकातील चिनी मृत्पात्रे व काच मिळाली. त्यांवरून येथील व्यापाराची भरभराट दिसते. राजा गेल्यानंतरही बेटावर वस्ती टिकून होती. मात्र व्यापाराचे केंद्र मलाक्काकडे सरकले.