कीटकभक्षी झाडं आणि टॅरँटुला पाळण्याचा छंद

किडे पकडून पचवणारी झाडं आणि टॅरँटुला म्हणजे मोठे केसाळ कोळी घरी सांभाळायचा हा छंद. एक कुंडीत आणि एक काचेच्या पेटीत, तरी बऱ्याचदा दोन्ही एकाच माणसाकडे सापडतात, कारण दोन्हींना किडे लागतात, जागा कमी लागते आणि दोन्हींत मुख्य काम म्हणजे हात न लावता बघत राहणं.

झाडांमध्ये सगळ्यात फेमस व्हीनस फ्लायट्रॅप. मूळचं फक्त अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या दलदलीच्या भागातलं. मातीत नायट्रोजन जवळपास नाहीच, तो किड्यांकडून मिळवायचा. पान दोन भागांचं असतं, प्रत्येक भागावर आतून साधारण तीन बारीक केस असतात, एकदा धक्का लागला तर काही होत नाही, पण अंदाजे 20 सेकंदांच्या आत दुसरा लागला की पान मिटतं, म्हणजे पावसाच्या एखाद्या थेंबाने उगाच ताकद वाया जात नाही. मिटल्यावरही किडा आत धडपडत राहिला तरच पाचक रस नीट सुटतो, म्हणून मेलेला किडा नुसता टाकून दिला तर पान बहुतेक वेळा तसंच परत उघडतं. बोट घालून पान मिटवून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण प्लीज करू नका, एक पान मोजक्याच वेळा मिटू शकतं आणि मग काळं पडतं.

बाकी चिकट थेंबांचं ड्रॉसेरा, सुरईसारखी पानं असलेली घटपर्णी, उभ्या नळ्यांचं सारासेनिया. डार्विनने 1875 मध्ये अशा झाडांवर अख्खं पुस्तक काढलं, त्यातला मोठा भाग ड्रॉसेरावरच आहे.

ही झाडं मरतात ती उपाशी राहून नाही, पाण्यामुळे आणि खतामुळे. नळाच्या पाण्यातले क्षार हळूहळू मुळांशी साचतात, म्हणून पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणीच द्यायचं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 50 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 50 भाग) खाली असलेलं बरं. कुंडीत पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे), साधी बागेची माती किंवा कंपोस्ट अजिबात नाही. फ्लायट्रॅपला हिवाळ्यात तीनेक महिने थंडीची विश्रांती लागते, तेव्हा पानं काळी पडली म्हणून झाड गेलं समजून फेकू नका.

टॅरँटुला हे नाव इटलीतल्या तारांतो शहरावरून आलं आणि आधी ते तिथल्या एका वेगळ्याच कोळ्याचं होतं. आज ज्यांना टॅरँटुला म्हणतात त्या कुळात हजाराच्या आसपास जाती आहेत. अमेरिका खंडातल्या बऱ्याच जाती घाबरल्या की पोटावरचे खाजरे केस उडवतात, ते डोळ्यात गेले तर खूप त्रास होतो. आशिया-आफ्रिकेतल्या जातींकडे हे केस नसतात, पण त्या चपळ असतात आणि त्यांचा चावा जास्त दुखतो, त्यामुळे नवख्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. हातावर घेऊन खेळवणं तर कोणत्याच जातीचं नको, थोड्या उंचीवरून पडला तरी पोट फुटून कोळी मरू शकतो.

खरी परीक्षा कात टाकताना. त्याआधी कोळी खाणं सोडतो, कधीकधी महिनोन् महिने, आणि मग पाठीवर उताणा पडतो, नवीन माणसाला वाटतं मेला आणि तो ढोसून बघतो, तिथेच घात होतो. त्या वेळी पेटीत खायला सोडलेला जिवंत रातकिडा राहिला तर तो मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडू शकतो, म्हणून न खाल्लेला रातकिडा लगेच बाहेर काढायचा आणि नंतरही सुळे कडक होईपर्यंत खायला द्यायचं नाही. पाण्याची उथळ वाटी मात्र कायम हवी.

दोन्ही एकाच टाकीत ठेवायची आयडिया दिसायला भारी वाटते पण चुकीची आहे. फ्लायट्रॅपला कडक ऊन आणि ओली मुळं लागतात, आणि जमिनीवर राहणाऱ्या बहुतेक कोळ्यांना अंधारी, कोरडी जागा.

घेताना घरी वाढवलेलंच घ्या. कॅरोलायनात फ्लायट्रॅपची चोरी होते, नॉर्थ कॅरोलायनात 2014 पासून तो गंभीर गुन्हा आहे. मेक्सिकोच्या लाल गुडघ्याच्या टॅरँटुलाचा व्यापार तर इतका वाढला की त्यावर सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातून बंधनं आली. या जातीची मादी 20 वर्षांहून जास्त जगू शकते, नर त्या मानाने लवकर संपतो, त्यामुळे पिल्लू आणायच्या आधी एवढी वर्षं सांभाळणार कोण हे घरात बोलून घ्या.