‘अंगात ताकद न्हाई’ म्हणजे नेमकं काय न्हाई?

कोल्हापुरात अशक्तपणा हा शब्द कांदा-लसूण चटणीसारखा कशालाही लावतात. झोप झाली नाही, अशक्तपणा. उठताना भोवळ आली, अशक्तपणा. वय सत्तर झालं, मग तर विचारूच नका. फिजिओथेरपीच्या टेबलाशी उभं राहून रोज हेच ऐकते आणि कान किटतात.

थकवा सगळ्यांना ठाऊक आहे. गंगावेश तालमीतला पैलवान पहाटे बैठका मारून आडवा होतो, तो थकलेला असतो. त्याला अशक्त म्हणायची कुणाची छाती आहे? अपंगत्व हे कायद्याचं खातं: २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार, बऱ्याचशा सवलतींना किमान ४० टक्क्यांचा दाखला. अशक्तपणाचा दाखला मिळत नाही, कृपा करून मागू नका.

घोळ होतो तो थकवा आणि अशक्तपणा यांत. थकलेल्याला काम जमतं, पण तो लवकर दमतो, किंवा हात घालावासाच वाटत नाही. अशक्त माणसाचा स्नायूच भार पेलत नाही, मग तो रात्रभर झोपून उठलेला का असेना.

मागं एक काकू आल्या. “डॉक्टर, लई थकवा ओ.” म्हटलं, हाताची घडी घाला आणि खुर्चीतनं उठा. काकू पुढं झुकल्या, दोनदा हिसका दिला, तिसऱ्यांदा नकळत हात मांडीवर टेकले. धाप नाही, घाम नाही. मांड्याच उचलत नव्हत्या. अंबाबाईला चालत जातात, पण जोतिबाच्या पायऱ्या नको म्हणतात, आणि पाटावरनं उठायला सुनेचा हात लागतो. हा थकवा नव्हे. ड जीवनसत्त्व फार घटलं किंवा थायरॉइड बिघडलं, तर मांड्या आणि खांदे असेच ढिले पडतात. याउलट हिमोग्लोबिन आठवर आलेली बाई खुर्चीतनं सहसा सहज उठते, जिन्यात मात्र धापा टाकते. दोघींची तक्रार एकच, तपासण्या वेगळ्या.

आणि दोघींची मागणीही एकच: “वीकनेस आलाय, एक बाटली लावा.” पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. आपल्याकडच्या गोडमिट्ट चहाचे दोन कप झाले की. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर सलाइनचा उपयोग आहे. मांडीच्या स्नायूला ती बाटली काही शिकवत नाही.

अचानक, एकाच बाजूला येणारा अशक्तपणा मात्र या कशातच बसत नाही. आमच्या गल्लीतल्या एका मामांच्या उजव्या हातातनं सकाळी कपबशी निसटली, बोलणं जड झालं. घरचे म्हणाले, ऊन बाधलं असंल, पडू द्या जरा. हा लकव्याचा झटका होता, आणि त्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मामांना संध्याकाळी चहाला उठवायला गेले.