पाण्यावर तरंगणारं फुप्फुस

काचेचं भांडं, त्यात काठोकाठ पाणी. शवविच्छेदन करणारा डॉक्टर नवजात बाळाची श्वासनलिका दोऱ्याने बांधतो, फुप्फुसं आणि हृदय एकत्र बाहेर काढून पाण्यात अलगद सोडतो. तरंगतात का, बुडतात? मग हृदय वेगळं करून एकेक फुप्फुस, मग त्याचे बारीक तुकडे, शेवटी तेच तुकडे दाबून, पिळून पुन्हा पाण्यात. शेजारी त्याच बाळाच्या यकृताचाही एक तुकडा सोडतात. तो बुडायलाच हवा. तोही तरंगला तर शरीर कुजायला लागलंय, आणि आत भरलेला वायू श्वासाचा नाही, असं समजायचं.

मूल जिवंत जन्मलं होतं की मृत, हे ठरवायची ही रीत बरीच जुनी आहे. १६८१च्या सुमारास योहान श्रायर या जर्मन डॉक्टरने ती एका खटल्यासाठी वापरली. लपून बाळंत होऊन मूल मारल्याचा आरोप पंधरा वर्षांच्या एका मुलीवर होता. फुप्फुसं बुडाली, आणि अखेर मुलगी सुटली. म्हणजे चाचणी न्यायालयात आली ती आरोपीच्या बाजूने. पुढे तिचा उपयोग उलट्या अंगानेही होऊ लागला.

त्या काळात या उत्तरावर कुणाचा तरी गळा लटकलेला असे. इंग्लंडच्या १६२४च्या कायद्यानुसार अविवाहित स्त्रीने बाळाचा मृत्यू लपवला, की तिनेच ते मारलं असं धरून चालत. मूल मृत जन्मलं हे तिने निदान एका साक्षीदाराकरवी सिद्ध करायचं, नाहीतर फाशी. जी बाई कुणाला कळू नये म्हणून एकटी बाळंत झाली, तिने साक्षीदार आणायचा कुठून? हा कायदा १८०३पर्यंत टिकला.

चाचणीमागचं शास्त्र मात्र चुकीचं नाही. पोटातल्या बाळाची फुप्फुसं रिकामी नसतात. त्यांच्याच पेशींनी स्रवलेल्या द्रवाने ती भरलेली असतात. दिसायला यकृतासारखी, गडद आणि घट्ट. त्यांचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याची घनता १ धरली तर त्यांची किती) १.०४ ते १.०५च्या आसपास, म्हणून ती बुडतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं आणि इतके दिवस द्रव सोडणाऱ्या पेशी तोच द्रव शोषून घेऊ लागतात. पहिल्या काही श्वासांत हवा आत शिरते, रक्ताचा ओघ वाढतो, रंग फिकट गुलाबी होतो आणि विशिष्ट गुरुत्व ०.९४पर्यंत उतरतं. असं फुप्फुस बोटांनी दाबलं तर कुरकुरतं.

गोची पुढे आहे. मृत जन्मलेल्या बाळाच्या तोंडात आईने घाबरून फुंकर घातली, तर हवा आत जाते. शरीर कुजलं की वायू होतो. उलट अपुऱ्या दिवसांचं, क्षीण श्वास घेऊन काही वेळ जगलेलं बाळ असेल, तर त्याची फुप्फुसं बुडूही शकतात. इंग्लंडच्या राणीचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७८३मध्येच बजावलं होतं की डोकं बाहेर येताच बाळ श्वास घेऊ शकतं आणि धड बाहेर येण्याआधी मरूही शकतं. फुप्फुस तरंगेल, पण कायद्याच्या भाषेत ते मूल जिवंत जन्मलेलं नसेल. जर्मनीतल्या २०१३च्या एका अभ्यासात सुमारे ९८ टक्के वेळा चाचणीचं उत्तर बरोबर आलं. आकडा चांगलाच आहे. तरीही उरलेल्या दोन टक्क्यांत आपण आहोत की नाही, हे आरोपीच्या पिंजऱ्यातल्या बाईला कोण सांगणार? आणि शंभर टक्के खरी ठरली तरी ही चाचणी एवढंच सांगते की हवा आत गेली. बाळाला कुणी मारलं, की ते आपोआप गेलं, यावर पाणी गप्प असतं.

खटल्यातला दुसरा प्रश्न आईच्या मनाचा. दिवस गेल्याचं माहीत असून लपवणं वेगळं आणि दिवस गेलेत हेच न उमगणं वेगळं. दुसरी गोष्ट ऐकली की बहुतेकजण हसतात. नऊ महिने कळलं नाही म्हणे! पण बर्लिनमधल्या १९९५-९६च्या प्रसूतींच्या अभ्यासात दर ४७५ प्रसूतींमागे एका स्त्रीला विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भाची जाणीव नव्हती, आणि सुमारे २,४५५मागे एकीला थेट कळा येईपर्यंत. अधूनमधून होणारा रक्तस्राव पाळी समजला जातो, बाळाची हालचाल गॅस वाटते. वार (गर्भाला पोसणारा, नाळेने जोडलेला अवयव) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असेल तर लाथा तशाही कमी जाणवतात. काहींचं पोट फारसं पुढे येतच नाही. शेवटी बाळाचं डोकं खाली सरकून गुदाशयावर दाब देतं, तेव्हा होणारी भावना शौचाच्या कळेसारखीच असते. अशी बाळंतपणं इतक्यांदा संडासात का होतात, याचं उत्तर यात आहे.

मला विचाराल तर लपवणं आणि न उमगणं यांत पक्की भिंत नसतेच. एखादीला सोमवारी माहीत असतं आणि मंगळवारी नसतं. न्यायालयाला मात्र हो की नाही, एवढंच हवं असतं.

मग शिक्षा कोणती? इंग्लंडने १९२२मध्ये आणि सुधारून १९३८मध्ये वेगळा कायदा केला. प्रसूतीमुळे किंवा अंगावर पाजण्यामुळे मनाचा तोल ढळलेल्या आईने वर्षाच्या आतलं मूल मारलं, तर तो गुन्हा मनुष्यवधासारखा धरायचा, खुनासारखा नाही. भाव दयेचा, पण वैद्यकीय कारण लंगडं. बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार हजारात एखाद-दोघींना होतो आणि तोही बहुधा काही दिवसांनी सुरू होतो. जन्मानंतरच्या २४ तासांतल्या हत्येला १९७०मध्ये वेगळं नाव देणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ फिलिप रेझ्निक यांना अशा आया बहुतांशी तरुण, अविवाहित आणि वेड न लागलेल्या आढळल्या. त्यांना झपाटलेलं असतं ते भीतीने. पण भीती हा आजार नाही, त्यामुळे कायद्याला तिची नोंद कुठल्या रकान्यात करावी ते कळत नाही.

जर्मनीत अविवाहित आईसाठी सौम्य शिक्षेचं कलम होतं, ते १९९८मध्ये रद्द झालं. भारतीय न्याय संहितेत अशी सवलत नाही. खून तो खूनच. मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवला तर मात्र जास्तीत जास्त दोन वर्षं. एल साल्वादोरमध्ये शौचालयात प्रसूत झालेल्या, दिवस गेल्याचं माहीतच नव्हतं असं सांगणाऱ्या एका तरुणीला २०१७मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. २०१९च्या फेरसुनावणीत ती निर्दोष सुटली. एकाच प्रकारच्या घटनेला ३० वर्षं आणि शून्य, असा हा पल्ला.

कडक शिक्षेच्या बाजूचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. तासाभराचं मूलही माणूसच, आणि त्याची बाजू मांडायला कुणी नसतं. मात्र जरब बसेल हा युक्तिवाद मला पटत नाही. जी गर्भ आहे हेच मानत नाही, ती त्या गर्भापायी होणाऱ्या शिक्षेचा हिशोब कसा करणार? (आणि मुलाचा बाप सहसा साक्षीदार म्हणूनसुद्धा उभा नसतो.)

ऑस्ट्रियाने २००१मध्ये दवाखान्यात नाव न सांगता, फुकट बाळंत होण्याची सोय केली. त्याआधीच्या दशकात लाख जन्मांमागे नवजात बाळांच्या ७.२ हत्या पोलिसांत नोंदल्या जात. नंतरच्या वर्षांत हे प्रमाण ३.१वर आलं. पण नाव न सांगता बाळंत व्हायलाही दवाखाना गाठावा लागतो, आणि पोटात कळ आली म्हणून संडासात जाऊन बसलेल्या मुलीला आपण बाळंत होतोय हे तिथेच कळतं.