संगणक, ऑडिट आणि लेखाशिक्षण: पार्श्वभूमी

व्यवसायाच्या हिशेबात संगणक आला तो १९५१ साली, लंडनच्या जे. लायन्स कंपनीत. लिओ नावाच्या त्या यंत्रावर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन होऊ लागले. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने लुइव्हिलच्या कारखान्यात युनिव्हॅक या संगणकावर पगारपत्रक सुरू केले. लेखाशिक्षणाच्या वर्गात मात्र रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज (सर्व खात्यांच्या शिल्लकांची यादी) हातानेच लिहिली जात होती. ऑडिटरही संगणकाला वळसा घालून जात: आत गेलेली व्हाउचर आणि बाहेर आलेली छापील यादी जुळली की तपासणी झाली. प्रत्येक टप्प्याचा कागद निघत होता, तोवर हे चालून गेले.

१९७३ मध्ये अमेरिकेतील इक्विटी फंडिंग या विमा विकणाऱ्या कंपनीचा घोटाळा उघडा पडला. सुमारे ९७ हजार विमा पॉलिसींपैकी ६४ हजारांच्या आसपास बनावट होत्या. संगणकात त्यांना ९९ हा वेगळा संकेतांक दिलेला होता, म्हणून त्यांची बिले निघत नसत. ऑडिटरने नमुन्यासाठी फाइल मागितली की तिच्यातले कागद रातोरात तयार होत. यादी आणि फाइल जुळायचीच, कारण दोन्ही एकाच हातच्या. मास्टर फाइल, म्हणजे सर्व पॉलिसींची मूळ संगणकीय नोंद, थेट टेपवरून वाचून संकेतांकानुसार बेरजा घेतल्या असत्या, तर ९९ चा गठ्ठा वेगळा पडला असता. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेत संगणकीय नियंत्रणांवरचे ऑडिट मानक निघाले. नियंत्रणांच्या व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे एक प्रकरण विद्यार्थ्यांकडून नीट उलगडून घेणे कितीतरी मोलाचे आहे.

संशोधनात यंत्र त्याआधीच पोचले होते. शिकागो विद्यापीठात १९६० पासून शेअरभावांचा १९२६ पर्यंत मागे जाणारा संग्रह टेपवर चढू लागला. कंपन्यांच्या ताळेबंदांसाठी कॉम्प्युस्टॅट हा संग्रह तयार झाला. १९६८ मध्ये रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांनी २६१ कंपन्यांचे १९५७ ते १९६५ चे नफे भावांशी ताडून पाहिले. वार्षिक नफ्यातली बहुतेक माहिती जाहीर होण्याआधीच भावात उतरलेली असते, असे त्यांना दिसले. हिशेब कसा ठेवावा यावर वाद घालणारे शास्त्र आता आकडे तपासू लागले. मात्र तयार डेटाबरोबर त्याचे दोषही आले: बुडालेल्या कंपन्या संग्रहातून गळतात, आणि नंतर दुरुस्त केलेला नफा वापरला, तर गुंतवणूकदाराला त्या दिवशी ठाऊक नसलेली माहिती चाचणीत शिरते.

१९७९ च्या व्हिसिकॅल्क या प्रोग्रॅमने वर्गाला स्प्रेडशीट दिली. एक गृहीतक बदलले की पूर्ण तक्ता आपोआप बदलू लागला. सूत्र मात्र आकड्यामागे लपले. बेरजेच्या कक्षेबाहेर नवी ओळ टाकली, तर ती सुटते आणि तक्ता तरीही नीटनेटका दिसतो.

१९८० च्या दशकात एसीएल आणि आयडिया ही ऑडिट सॉफ्टवेअर आली. आयडियाची सुरुवात कॅनडाच्या महालेखापरीक्षक कार्यालयातली. नमुन्याऐवजी सगळ्या नोंदी तपासता येऊ लागल्या: तुटलेले व्हाउचर क्रमांक, दुबार बिले, सुटीच्या दिवशी केलेल्या नोंदी. खरी अडचण त्याआधीच्या पायरीवर, फाइल आत घेताना येते. ०५/०४ ही तारीख दिवस-महिना उलटून गुपचूप वाचली जाते. २५/०४ उलटता येत नाही, म्हणून ती मजकूर म्हणून पडून राहते. रकमेमागे ‘जमा’ची खूण असली की रक्कम मजकूर ठरते आणि बेरजेतून गळते. म्हणून आधी नोंदींची संख्या, मग नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) यांच्या स्वतंत्र बेरजा मूळ प्रणालीशी जुळवायच्या. त्यानंतर खातेवार आरंभीची शिल्लक अधिक वर्षाच्या नोंदी बरोबर तेरजेतली अखेरची शिल्लक, हे पाहायचे. चाचण्या त्यानंतर. विद्यार्थ्यांना सहसा साफसूफ केलेली फाइल दिली जाते आणि नेमकी हीच पायरी शिकायची राहते. शिक्षणातली ही उणीव आम्हाला सर्वांत गंभीर वाटते.

बेनफर्डच्या नियमाची चाचणीही जपून वापरावी लागते. आपसूक जमलेल्या आकड्यांत पहिला अंक कोणता किती वेळा येतो, ते हा नियम सांगतो. पहिला अंक १ असण्याचे प्रमाण ३०.१ टक्के, ९ असण्याचे ४.६ टक्के. पण ठरावीक दर, मंजुरीची मर्यादा किंवा क्रमाने दिलेले क्रमांक असतील, तिथे हे प्रमाण मुळातच लागू होत नाही. फरक दिसला म्हणजे तपासायची जागा सापडली. अफरातफर त्यातून सिद्ध होत नाही.

१९९३ ते १९९६ दरम्यान अमेरिकेत कंपन्यांची विवरणे एडगर या इलेक्ट्रॉनिक प्रणालीवर येऊ लागली. २००९ पासून एक्सबीआरएल, म्हणजे विवरणातल्या प्रत्येक आकड्याला संगणकाला वाचता येणारी ओळखखूण (टॅग) लावण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. टॅग लावताना अधिक-उणे चिन्ह उलटणे, हजारांचा आकडा एककात भरणे, तयार टॅग असताना कंपनीने स्वतःचा बनवणे या चुका जुन्याच आहेत. संशोधकाने बेरजा जुळवल्याशिवाय तो डेटा घेऊ नये. मजकुराच्या विश्लेषणात २०११ मध्ये लॉफ्रन आणि मॅकडोनल्ड यांनी दाखवले की सर्वसाधारण शब्दसूची ज्यांना नकारात्मक मानते, त्यातले जवळपास तीन-चतुर्थांश शब्द आर्थिक अहवालात नकारात्मक नसतातच. ‘कर’, ‘खर्च’, ‘दायित्व’ हे तिथले रोजचे शब्द.

मजकूर नकारात्मक आहे की नाही, हे वर्गीकरण आता भाषा-मॉडेलकडून (मजकूर वाचून उत्तर देणाऱ्या एआय प्रणालीकडून) करून घेतले जाते. तिथे मॉडेलची आवृत्ती, दिलेली सूचना जशीच्या तशी आणि तारीख नोंदवून ठेवावी लागते, कारण आवृत्ती बदलली की त्याच परिच्छेदाला वेगळे उत्तर येऊ शकते. यादृच्छिक निवडलेले काही परिच्छेद दोघांनी स्वतंत्रपणे हाताने वर्गीकृत करून मॉडेलशी ताडायचे. जिथे त्या दोघांचेच एकमत होत नाही, तिथे आधी वर्गवारीची व्याख्या दुरुस्त करायची आणि मगच मॉडेल पुन्हा चालवायचे.