पार्श्वभूमी: पोलंडच्या नाताळच्या ताटात कार्प मासा कसा आला

पोलंडमध्ये 2025 पासून 24 डिसेंबरला सरकारी सुट्टी असते. त्याआधी 25 आणि 26 तारखेला सुट्टी असे, 24 ला दुकानं दुपारी 2 वाजता बंद होत. सुट्टीच्या बदल्यात नाताळाआधीचे तीन रविवार दुकानं उघडी ठेवायची मुभा मिळाली. त्यावरून वाद झाला, कारण एक दिवस मोकळा करून रविवार घेतल्याची दुकानातल्या कामगारांची भावना होती. पण त्या दिवसाला सुट्टी इतकी उशिरा का मिळाली, याचं मूळ त्याच्या नावातच आहे.

त्या दिवसाला ‘विगिलिया’ म्हणतात आणि त्या रात्रीच्या जेवणालाही विगिलियाच म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जागरण, म्हणजे सणाची आदली रात्र. थोडक्यात, हा सण नव्हे, सणाच्या आधीचा उपासाचा दिवस. एकादशीसारखं साबुदाणा-भगरीवर राहायचं असा हा उपास नाही. मांस वर्ज्य, मासा चालतो. 1983 च्या चर्चच्या कायद्यात या दिवशीच्या मांसबंदीची सक्ती नाही, तरी बहुतेक घरांत त्या रात्रीच्या ताटात मांस येत नाही.

पहिली चांदणी दिसली की जेवणाला सुरुवात होते. आधी ‘ओप्वातेक’ मोडतात. नुसत्या मैद्याची आणि पाण्याची, कोरीव लोखंडी साच्यात भाजलेली कागदासारखी पातळ चकती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चकतीचा तुकडा मोडून घेतो आणि शुभेच्छा देतो. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली वाळकं गवत आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक रिकामं ताट. पदार्थ बारा, असं आज सगळे सांगतात. पूर्वी मात्र आकडा विषम असावा असा संकेत होता आणि तो घराच्या ऐपतीप्रमाणे वाढे.

बारांतला सगळ्यांत नाजूक पदार्थ म्हणजे बिटाचं आंबट सार, ‘बार्श्च’. त्याची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. 1 किलो बीट सोलून, फोडी करून बरणीत घालायचं, वर दीड लिटर उकळून गार केलेलं पाणी, दीड मोठा चमचा मीठ, चार-पाच लसणाच्या पाकळ्या, तमालपत्र, ऑलस्पाइसचे दाणे. खोलीच्या तापमानाला 5 ते 7 दिवस. बीट पाण्याच्या वर आलं की बुरशी धरते, म्हणून वर वजन ठेवावं लागतं. पांढरा फेस काढून टाकला की झालं, पण लोकरीसारखी बुरशी आली तर अख्खी बरणी फेकायची. हे आंबवण वाळक्या मशरूमच्या रश्शात शेवटी घालतात आणि त्यानंतर सार उकळू देत नाहीत. उकळलं की माणकासारखा लाल रंग विटकरी होतो. त्यात मशरूमचं सारण भरलेल्या, कानाच्या आकाराच्या इवल्या उकडलेल्या करंज्या सोडतात.

पूर्वेकडच्या घरांत गहू, खसखस, मध आणि सुकामेवा घातलेली खीर असते. 1945 नंतर सीमा पश्चिमेला सरकली, पूर्वेचे लोक पश्चिमेला येऊन वसले आणि खीरही त्यांच्याबरोबर आली. त्याच पूर्व भागातून 1940-41 मध्ये सोव्हिएत हद्दीत हद्दपार केलेले हजारो लोक पुढे इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात त्यांतल्या सुमारे 5 हजारांची वसाहत होती, मुख्यतः बायका आणि मुलं. युद्ध संपलं तेव्हा त्यांतल्या अनेकांचं गाव पोलंडमध्ये उरलेलंच नव्हतं.

आता कार्प. हा मासा साम्यवादी राजवटीने ताटात आणला, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. नैऋत्य पोलंडमधल्या मिलिच गावाजवळची कार्पची तळी मठवासीयांनी तेराव्या शतकापासून खोदली. राखाडी रस्सा घातलेला आणि यहुदी पद्धतीचा, मनुका-बदाम घातलेला कार्प युद्धाच्या खूप आधीपासून शिजत होता. पण तेव्हा तो अनेक माशांपैकी एक होता. गरिबाघरी हेरिंग, सुखवस्तू घरी पाइक किंवा आणखी काही.

युद्धानंतर मासेमारी बोटी उरल्या नव्हत्या. जमीनदारांची तळी जमीन सुधारणेत सरकारकडे आली होती. कार्प तिसऱ्या शरदात दीड किलोच्या आसपास भरतो, स्वस्त पडतो आणि जिवंत नेता येतो. म्हणजे शीतगृह नसलं तरी चालतं. कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून सणाआधी कामगारांना मासे वाटले जात. याचं श्रेय किंवा खापर त्या वेळच्या एका मंत्र्याच्या माथी मारलं जातं. खरं काम तळ्यांनी आणि टंचाईने केलं. घरी फ्रिज नसल्यामुळे मासा न्हाणीघरातल्या टबात दोन-तीन दिवस पोहत राही. टबात ठेवल्याने चिखलाचा वास जातो, हा समज चुकीचा आहे. तो वास घालवायला शरदात तळ्यातून पकडल्यानंतर मासे अन्नाविना स्वच्छ, वाहत्या पाण्यात बरेच दिवस ठेवतात आणि ते तळ्यावरच होतं.

म्हणूनच जिवंत मासा घरी नेणं ही ‘प्राचीन परंपरा’ आहे, हा युक्तिवाद टिकत नाही. ती सोय होती, आणि माशासाठी क्रूर सोय. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाण्याविना पिशवीत कोंबलेल्या माशांच्या प्रकरणात प्राण्यांच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर मोठ्या दुकानसाखळ्यांनी जिवंत विक्री हळूहळू सोडली. आता कापलेले, बर्फावरचे तुकडे मिळतात. इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे मात्र तसेच असतात. त्यासाठी तुकड्याला दर 3-4 मिलिमीटरवर आडव्या चिरा पाडतात, म्हणजे लोण्यात तळताना काटे करपून विरघळल्यासारखे होतात. रात्रभर कांदा आणि दुधात मुरवलं की उरलासुरला वासही जातो. आणि खवले काढताना एखादा मोठा, स्वच्छ खवला बाजूला ठेवतात, पुसून पाकिटात घालायला, वर्षभर पैसा टिकावा म्हणून.